स्कायरिममध्ये पहिलं पात्र घडवताना: नवख्या खेळाडूंनी काय करावं, काय टाळावं

परीक्षा संपली की घराघरांत एकच प्रश्न असतो, मुलं आता दिवसभर करणार काय? माझ्या आपाच्या घरी यंदा त्याचं उत्तर निघालं कॉम्प्युटर गेम. भाचा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, वयाची १८ पूर्ण झालेली. अम्मीशी बोलणं करून त्याने वेळ ठरवून घेतली, असर ते मगरिब, त्याच्या पुढे नाही. आणि मित्राच्या सांगण्यावरून स्कायरिम सुरू केला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "मामू, हा गेमच खराब आहे. माझी लेव्हल २२ आहे, तरी डाकूंचा एक साधा सरदार मला तीन फटक्यांत लोळवतो. आता सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का?"

मी त्याला म्हटलं, पुसू नकोस, आधी तुझ्या स्किलचं पान दाखव. पान पाहिलं आणि हसू आलं, कारण काही वर्षांपूर्वी माझं पहिलं पात्रही असंच बसलं होतं. लोहारकाम ७०, कुलपं उघडणं ६०, घासाघीस ५०, खिसे कापणं ४० आणि तलवार फक्त ३४. म्हणजे उत्तम लोहार आणि त्याहून उत्तम चोर, पण लढाईत कच्चा. गेम खराब नव्हता. पात्र घडवताना हिशेब चुकला होता.

हीच चूक जवळपास प्रत्येक नवखा खेळाडू करतो. सुट्टीतले मोजके तास वाया जाऊ नयेत म्हणून हा हिशेब इथे नीट मांडतो आहे.

आधी खेळाची ओळख

'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतला हा पाचवा मुख्य खेळ. अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी आणला. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याची 'स्पेशल एडिशन' आली. तिच्यात डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे तिन्ही जोडभाग आधीच घातलेले आहेत. कॉम्प्युटर जुना असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मूळ खेळाला २ जीबी रॅम पुरते, स्पेशल एडिशनला किमान ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कवर १२ जीबी जागा लागते.

हा एकट्याने खेळायचा खेळ आहे. समोर कोणी अनोळखी माणूस नसतो, गप्पांची खिडकी नसते. विकतचे छोटे जोडभाग मिळतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. तरी आई-वडिलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरोपच्या मापाने या खेळाला १८ वर्षांची अट आहे, अमेरिकेच्या मापाने १७ ची. रक्तपात आहे, दारूचे गुत्ते आहेत, काल्पनिक देवदेवता आणि त्यांची मंदिरं आहेत. लहान मुलांसाठी हा खेळ नाही. मोठ्या मुलाला द्यायचा तर तासभर त्याच्या शेजारी बसून स्वतः पाहावं आणि मग ठरवावं.

वंश निवडताना फार घाबरू नका

खेळ सुरू होतो तो बैलगाडीसारख्या एका छकड्यात. तुम्ही कैदी आहात, तुम्हाला हेल्गन गावात शिक्षेसाठी नेलं जातंय. तिथे नाव विचारतात तेव्हा पात्राचा वंश आणि चेहरा ठरवायचा असतो. एकूण १० वंश आहेत. प्रत्येकाला एका स्किलमध्ये १० आणि आणखी पाच स्किलमध्ये ५-५ गुण जास्तीचे मिळतात, बाकी स्किल १५ वर असतात.

ऑर्कला जड चिलखतात पुढावा आहे, रेडगार्डला एका हाताच्या शस्त्रात, नॉर्डला दोन हातांच्या शस्त्रात. वुड एल्फ धनुर्विद्येत पुढे, खजीत लपून चालण्यात, डार्क एल्फ विध्वंसक जादूत, ब्रेटन मदतनीस बोलावण्याच्या जादूत.

पण खरं सांगायचं तर हे १० गुण पहिल्या काही तासांतच भरून निघतात. टिकतात ते वंशाचे कायमचे गुण. नॉर्डला थंडीच्या माऱ्यापासून ५० टक्के बचाव, डार्क एल्फला आगीपासून ५० टक्के, ब्रेटनला प्रत्येक प्रकारच्या जादूपासून २५ टक्के. हाय एल्फला जादूची शक्ती सुरुवातीलाच ५० ने जास्त. ऑर्कला दिवसातून एकदा मिनिटभर असा आवेश येतो की त्याचा मार दुप्पट होतो आणि त्याला लागणारा मार निम्मा. नवख्यासाठी नॉर्ड, ऑर्क किंवा ब्रेटन यांपैकी कोणताही सोयीचा.

चेहरा पुढे बदलून मिळतो, वंश मात्र खेळाच्या आत बदलता येत नाही. तेवढा एकच निर्णय पक्का समजा.

लेव्हल वाढते कशी?

भाच्याची गाडी इथेच घसरली होती, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पुष्कळ खेळांत शत्रू मारला की गुण मिळतात. स्कायरिममध्ये तसं नाही. इथे 'योद्धा' किंवा 'जादूगार' असा कप्पाही आधी निवडायचा नसतो. जे कराल ते वाढतं. तलवार चालवा, तलवारीचं स्किल वाढेल. कुलूप उघडा, कुलपाचं वाढेल. अशी एकूण १८ स्किल आहेत. सहा योद्ध्याची, सहा जादूगाराची, सहा चोराची. कोणतंही स्किल वर सरकलं की ते पात्राच्या लेव्हलमध्ये भर घालतं.

ती भर किती? स्किल ज्या आकड्यावर पोचलं तेवढी. १५ वरून १६ झालं तर १६ गुण, ८९ वरून ९० झालं तर ९० गुण. लेव्हल १ वरून २ वर जायला १०० गुण लागतात, पुढच्या लेव्हलला १२५, मग १५०, मग १७५, असं दर वेळी २५ ने वाढत जातं.

आता दोन खेळाडू घ्या. पहिल्याने प्रत्येक गोष्टीला थोडा-थोडा हात लावला आणि सहा स्किल १५ वरून २० वर नेली. एका स्किलचे १६, १७, १८, १९ आणि २० मिळून ९० गुण, सहांचे ५४०. दुसऱ्याने एकच स्किल धरलं, ते वंशामुळे २५ वर होतं, तिथून ४१ पर्यंत नेलं. त्याचे झाले ५३६. दोघेही लेव्हल ४ वर. पण पहिल्याकडे २० च्या वर काहीच नाही आणि दुसऱ्याची तलवार ४१ वर. प्रत्यक्षात कोणी एकच स्किल वाढवत नाही, पण फरक कुठून येतो ते यावरून कळावं. लेव्हल सारखीच दिसते, आतला माल वेगळा असतो.

तुमच्यासोबत शत्रूही वाढतात

फरकाने एवढं बिघडतं काय? बिघडतं, कारण या खेळात बहुतेक जागी शत्रू तुमची लेव्हल पाहून ठरतात. एखाद्या गुहेत तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हा तिथल्या शत्रूंची ताकद ठरते, त्या जागेला नेमून दिलेल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादेच्या आत. लेव्हल ३ ला गेलात तर साधे डाकू भेटतील, लेव्हल २२ ला गेलात तर चांगल्या चिलखतातले, भारी कुऱ्हाडी घेतलेले भेटतील.

तुम्ही ती २२ लेव्हल तलवारीने कमावली की भट्टीपाशी बसून सुऱ्या घडवून, हे खेळ विचारत नाही. तो फक्त आकडा पाहतो. भाच्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून व्हाइटरनच्या भट्टीवर तासन्‌तास माल घडवला आणि लेव्हल वाढतेय म्हणून खूश झाला. शत्रू मात्र २२ लेव्हलच्या योद्ध्याला पुरे पडतील असे तयार होत होते.

लोहारकाम, घासाघीस, कुलपं ही स्किल वाईट नाहीत. फक्त ती लढाईच्या पुढे पळता कामा नयेत.

नवख्यांसाठी तीन सरळ पात्रं

पहिल्या पात्रासाठी नियम सोपा ठेवा. मारण्याचं एक स्किल, वाचण्याचं एक आणि मदतीचं एक. तीन खांब, बस्स. तिसाव्या लेव्हलपर्यंत तेवढं पुरतं.

पहिलं पात्र, ढाल-तलवारवाला. वन-हँडेड, ब्लॉक आणि हेवी आर्मर. वंश ऑर्क, नॉर्ड किंवा रेडगार्ड. मरण्याची भीती सगळ्यांत कमी आणि चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. पहिल्यांदाच खेळणाऱ्याने हेच घ्यावं.

दुसरं, लपून बाण मारणारा. आर्चरी, स्नीक आणि लाइट आर्मर. वंश वुड एल्फ किंवा खजीत. शत्रूला चाहूल न लागता बाण लागला तर मार दुप्पट बसतो, स्नीकमधला 'डेडली एम' हा पर्क घेतला की तिप्पट. पुढे पुढे हे पात्र इतकं भारी होतं की खेळ सोपा वाटू लागतो. फक्त घाई करून चालत नाही.

तिसरं, जादूगार. डिस्ट्रक्शन, कॉन्ज्युरेशन आणि रिस्टोरेशन. वंश ब्रेटन, हाय एल्फ किंवा डार्क एल्फ. आगीची ज्वाला आणि जखम भरण्याचा मंत्र प्रत्येक पात्राला सुरुवातीपासून येतो. ब्रेटनला मदतीसाठी लांडगा बोलावणंही येतं, म्हणजे शत्रू लांडग्यात गुंततो आणि तुम्ही लांबून मारता. एक खाचखळगा सांगून ठेवतो. डिस्ट्रक्शनचं स्किल नुसतं वाढल्याने मंत्राचा मार वाढत नाही, मंत्राचा खर्च कमी होतो. मार वाढतो तो पर्कने आणि वरच्या दर्जाचे मंत्र विकत घेतल्याने. म्हणून जादूगाराने हाती आलेलं सोनं मंत्रांवर घालावं. व्हाइटरनच्या राजवाड्यात फॅरेंगार हा दरबारी जादूगार मंत्र विकतो.

तलवारही, धनुष्यही आणि जादूही असं सगळं एकाच पात्रात हवं असेल तर थोडं थांबा. पहिले तीन खांब ६० च्या पुढे जाऊ द्या, मग चौथा उभा करा.

प्रत्येक लेव्हलला दोन गोष्टी मिळतात

लेव्हल वाढली की हेल्थ, मॅजिका आणि स्टॅमिना यांपैकी एकात १० गुण घालता येतात. स्टॅमिना निवडली तर ओझं वाहण्याची ताकदही ५ ने वाढते. तिन्हींची सुरुवात १०० पासून होते.

ढाल-तलवारवाल्याने दोनदा हेल्थ, एकदा स्टॅमिना असा क्रम धरावा. बाण मारणाऱ्यालाही हाच क्रम चालतो. जादूगाराने सुरुवातीला दोनदा मॅजिका, एकदा हेल्थ घ्यावी, कारण मॅजिका संपली की त्याच्या हातात काहीच उरत नाही. ढाल-तलवारवाल्याने मॅजिकात एकही गुण घालू नये. आज इथे, उद्या तिथे असं वाटत बसलात तर वीस लेव्हलनंतर २०० गुण खर्च झालेले असतील आणि एकही बाजू मजबूत नसेल.

दुसरी गोष्ट पर्क, दर लेव्हलला एक. पहिले पर्क कुठे जावेत? वन-हँडेडमध्ये 'आर्म्समन', आर्चरीमध्ये 'ओव्हरड्रॉ', हेवी आर्मरमध्ये 'जगरनॉट'. हे तिन्ही पाच पायऱ्यांचे आहेत आणि प्रत्येक पायरीला २० टक्के वाढ देतात. म्हणजे आर्म्समनच्या पाच पायऱ्या पूर्ण केल्या की तलवारीचा मार दुप्पट. पुढच्या पायरीसाठी स्किल २०, ४०, ६०, ८० असं वाढत जावं लागतं, म्हणून पॉइंट हातात असूनही पर्क मिळत नाही असं होईल. तेव्हा पॉइंट राखून ठेवा. तो कुठे पळून जात नाही. हातात आहे म्हणून खर्च करायचा ही सवय या खेळात महागात पडते.

लॉकपिकिंगमध्ये नवख्याने एकही पर्क घालू नये. सगळ्यांत अवघड कुलूपसुद्धा स्किल १५ असताना उघडता येतं, फक्त हात हलका लागतो आणि खिळे जास्त मोडतात. खिळे स्वस्त आहेत, पर्क महाग आहे. खिसे कापणं आणि घासाघीस यांचंही पहिल्या पात्राला काम नाही.

भाच्याचे २१ पर्क कुठे गेले होते माहीत आहे? कुलपांत ६, लोहारकामात ५, घासाघिशीत ४, खिसे कापण्यात ३ आणि लढाईत उरलेले ३.

पहिल्या काही तासांत एवढं करा

हेल्गनमधून निसटून रिव्हरवुडकडे जाताना वाटेत तीन उभे दगड लागतात. योद्धा, जादूगार आणि चोर. आपल्या पात्राला जुळेल त्या दगडाला हात लावा, त्या गटातली स्किल २० टक्के लवकर वाढतात. ढाल-तलवारवाला आणि धनुर्धारी यांनी योद्ध्याचा दगड घ्यावा, कारण आर्चरी त्याच गटात मोडते. नंतर मन बदललं तर परत येऊन दुसरा दगड घेता येतो.

सरायीतल्या किंवा स्वतःच्या घरच्या पलंगावर झोपून उठलात की काही तास स्किल १० टक्के लवकर वाढतात. फुकटचा फायदा आहे, सोडू नका.

एकटे फिरू नका. रिव्हरवुडमधला फेंडाल एक छोटं काम केलं की सोबत येतो आणि पैसे घेऊन धनुर्विद्याही शिकवतो. मुख्य कथेत पहिला ड्रॅगन मारला की व्हाइटरनचा यार्ल तुम्हाला लिडिया ही साथीदार देतो. ती पुढे उभी राहिली की तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळते.

व्हाइटरनच्या माळावर मॅमथ हत्ती आणि त्यांचे राखणदार राक्षस दिसतील. लांबून बघा आणि चालू पडा. राक्षसाची लेव्हल ३२ ठरलेली असते, ती तुमच्यासाठी कमी होत नाही. त्याच्या सोट्याचा एक फटका बसला की पात्र अक्षरशः आभाळात उडतं.

कॉम्प्युटरवर एफ-५ दाबलं की खेळ जतन होतो, एफ-९ दाबलं की मागे येता येतं. प्रत्येक मोठ्या दारापाशी एफ-५ दाबायची सवय लावा. आणि औषधाच्या बाटल्या जपून ठेवायच्या नसतात, प्यायच्या असतात. यादी उघडली की खेळ थांबतो, त्यामुळे भर लढाईतही शांतपणे बाटली निवडता येते.

पात्र बिघडलं असेल तर

पुसून पुन्हा सुरू करण्याची गरज सहसा नसते. भाच्यासोबत आम्ही काय केलं ते सांगतो.

आधी अवघडपणा एक पायरी खाली आणला, अडेप्टवरून अप्रेंटिसवर. हे सेटिंग्जमध्ये कधीही बदलता येतं आणि यात लाज कसली? पुढे पात्र सावरलं की परत वर न्यायचं.

मग लोहारकामाच्या पैशाचा उपयोग केला. त्याच्याकडे घडवलेला माल पडून होता. तो विकला आणि ते सोनं शिक्षकाला दिलं. प्रत्येक लेव्हलला जास्तीत जास्त ५ वेळा शिकवणी मिळते. व्हाइटरनमध्ये 'कम्पॅनियन्स' या लढवय्यांच्या वाड्यात शस्त्रांचे शिक्षक आहेत. तलवार ३४ ची ३९ झाली, पुढे खेळता खेळता वाढत गेली. ज्या चोराच्या धंद्यात पर्क वाया गेले होते, तिकडे पुन्हा वळायचं नाही असं ठरलं. नवा प्रत्येक पर्क फक्त तलवार आणि चिलखतात.

अडकलेले पर्क सोडवायचे मार्गही आहेत, पण ते उशिरा मिळतात. कोणतंही स्किल १०० वर नेऊन 'लेजेंडरी' केलं की ते १५ वर येतं आणि त्यातले सगळे पर्क परत मिळतात. ही सोय २०१३ च्या सुधारणेत आली. ड्रॅगनबॉर्न जोडभागाची कथा पूर्ण केल्यावर एका ड्रॅगनच्या आत्म्याच्या बदल्यात एका स्किलचे पर्क मोकळे करता येतात.

चार दिवसांनी भाच्याचा मेसेज आला, "मामू, सरदार गेला." सोबत फोटो. सरदार आडवा, शेजारी लिडिया उभी आणि भाच्याच्या पात्राच्या अंगावर त्याने स्वतः घडवलेलं चिलखत. लोहारकाम अगदीच वाया गेलं नव्हतं म्हणायचं.

आपाने मला फोन करून वेगळंच सांगितलं. म्हणाली, तो रडकुंडीला आला होता तेव्हा ठरलेली वेळ पाळायचा नाही, 'अजून एकदा, अजून एकदा' करत बसायचा. आता असर ते मगरिब खेळतो आणि स्वतःहून उठतो. आई-बापांनी एवढं ध्यानात ठेवावं. मूल उठत नसेल तर प्रत्येक वेळी ते खेळाच्या नादामुळेच असेल असं नाही, कधी कधी ते कुठेतरी अडकलेलंही असतं. रागावण्याआधी एकदा विचारा, "कुठे अडकलास?"

आणि मुलांनो, तुम्हीही अडकलात तर पात्र पुसण्याआधी स्किलचं पान उघडून बघा. काय चुकलं ते तिथेच दिसेल.